बिनघोड्याचं पिस्तूल

"याचा घोडा कुठं हाय?"

वस्तादांनी पिस्तूल उजेडात धरलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं.

धैर्यशील इंगवले हसला. हा प्रश्न कधी येतो, याचीच तो पिस्तूल घेतल्यापासून वाट पाहत होता.

"घोडाच नाही वस्ताद. हेच तर नवीन आहे याच्यात."

"बिनघोड्याचं?"

"बिनघोड्याचं. आत स्ट्रायकर असतो, स्प्रिंगवर बसलेली पिन. बाहेर काही नाही, कपड्यात अडकायला काही नाही. काढलं, रोखलं, चाप ओढला. संपलं."

वस्ताद पिस्तुलाच्या गुळगुळीत पाठीवरून अंगठा फिरवत राहिले. जुन्या पिस्तुलांना तिथं घोडा असतो. तो मागं ओढलेला दिसला की पाहणाऱ्याला लांबूनही कळतं, हत्यार तयार आहे. या पाठीवरून काहीच कळत नव्हतं.

"हूं... संपतंय खरं," ते म्हणाले, आणि पिस्तूल त्याच्या हातात परत दिलं.

कोल्हापूरच्या बाहेर, खडी काढून काढून रिकामी झालेल्या एका खाणीत हा नेमबाजीचा क्लब होता. तीन बाजूंना दगडाचे उभे कडे, चौथ्या बाजूला पत्र्याची शेड आणि तिच्यात वस्ताद बाबालाल शिकलगार. त्यांच्या खापरपणजोबांनी तलवारींना पाणी दिलं, त्यांनी स्वतः पलटणीत पोरांना निशाणा शिकवला. इथं तालीम नव्हती की लाल माती नव्हती, तरी सगळे त्यांना वस्तादच म्हणत. कोल्हापुरात शिकवणाऱ्याला दुसरं काय म्हणणार?

वस्तादांचा एक दंडक होता. नवं हत्यार घेतलं की ते आधी क्लबच्या लोखंडी कपाटात राहायचं. दर रविवारी यायचं, चालवायचं, पुसायचं आणि परत कपाटात ठेवायचं. एखाद्या रविवारी वस्ताद म्हणायचे, "ने घरी." मग न्यायचं. हा काही सरकारी कायदा नव्हता. परवाना खिशात असलेल्या माणसाला अडवायचा त्यांना काडीचाही अधिकार नव्हता, पण आजवर कुणी त्यांच्या शब्दाबाहेर गेलं नव्हतं.

धैर्यशीलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या त्या इथंच. बत्तीस बोअरचं हेच नवं पिस्तूल तिघांनी एकाच सुमाराला घेतलं होतं. सराफकट्ट्यावरचे जवाहर पोतदार, वकीलबाई सुलभा नेजदार आणि तो. त्या दोघांना "ने घरी" मिळून गेलं होतं. पोतदारांची गोळी कागदाला लागली तर लागली, नाही तर दगडाला. आणि धैर्यशीलची काळ्या ठिपक्यात. तरी त्याचंच पिस्तूल कपाटात!

त्यात उद्या खंडेनवमी. गारगोटी रस्त्यावर त्याचा पेट्रोल पंप, आणि घरात वडिलांच्या काळापासून हत्यारपूजेची पद्धत. यंदा नव्या पिस्तुलाला हळदकुंकू लावायचं, असं त्याने घरात सांगूनही टाकलं होतं. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

शेडमध्ये चहा झाला. वस्तादांनी पोतदारांकडे पाहिलं.

"बोला सराफ. कसं वाटलं?"

"हातात मावतं," पोतदार म्हणाले. "कोटाच्या खिशात टाकलं तर बायकोलाही कळत नाही. पण चाप जरा... रबर ओढल्यासारखा वाटतो. नेमकी कधी उडणार ते समजत नाही. दर वेळी मीच दचकतो."

"आणि सुलभाताई?"

"माझ्या जुन्या पिस्तुलाचा चाप पहिल्या गोळीला फार जड होता. बोट दुखायचं. दुसरीपासून एकदम हलका," नेजदारबाई म्हणाल्या. "याचा पहिलीपासून शेवटपर्यंत सारखाच आहे. मला बरं वाटलं. फक्त बाहेर सेफ्टीचा खटका नाही, याची भीती वाटते. चापातच एक छोटा चाप आहे, तेवढीच काय ती कडी."

"भीती वाटती?"

"वाटते."

"बरं," वस्ताद म्हणाले आणि बशी खाली ठेवली.

धैर्यशीलला कुणी विचारलं नव्हतं. तरी तो बोलला.

"वस्ताद, मला विचाराल तर याच्यात खोड काढायला जागा नाही. धक्का कमी, पकड घट्ट, वजन नाहीच. मी तर म्हणतो, भीती वाटण्यासारखं हत्यारच नाही हे."

"असं?"

"चालवून दाखवू?"

वस्तादांनी नुसता हात केला. चालव की.

धैर्यशील ओट्यापाशी जाऊन उभा राहिला. कान झाकले. मॅगझिन भरून चढवलं, वरची स्लाइड ओढून सोडली आणि समोरच्या कागदाच्या काळ्या ठिपक्याची चाळण केली. खाणीच्या कड्यांवरून आवाज फिरून आला आणि विरला. मॅगझिनमध्ये अजून गोळ्या होत्या, पण दाखवायचं ते दाखवून झालं होतं. शेवटी त्याने आपली ती खास करामत केली. स्लाइड झटक्यात मागं ओढली, नळीतली गोळी उसळून बाहेर आली आणि तिला त्याने हवेतच डाव्या हाताने झेललं.

"वाः," पोतदार म्हणाले.

मग त्याने मॅगझिन काढून खिशात टाकलं, झेललेली गोळी ओट्यावर उभी केली, पिस्तूलही तोंड दगडाकडे करून तिथंच ठेवलं आणि वस्तादांकडे वळला.

"आता?"

वस्ताद उठले. ओट्याजवळ आले आणि पिस्तूल आणि बाकीची माणसं यांच्या मधोमध उभे राहिले. पिस्तुलाला त्यांनी हात लावला नाही.

"रिकामं हाय?"

"रिकामं आहे."

"नक्की?"

"वस्ताद, तुमच्या डोळ्यांदेखत केलं की. मॅगझिन खिशात, नळीतली गोळी ही इथं. आणखी काय पाहिजे?"

"मला काय न्हाय पाहिजे..." वस्ताद म्हणाले. "उद्या पूजा कोण करणार?"

"शरयू. माझी मुलगी. दुसरीत आहे. हळदकुंकू तीच लावणार म्हणून बसलीय."

"मग तिला फोन लाव."

"आत्ता?"

"आत्ता. तिला सांग, पिस्तूल रिकामं हाय म्हणून. मला सांगितलंस, ते तिला सांग. मग ने घरी."

एवढंच? धैर्यशीलला हसू आलं. गेले कित्येक रविवार हा म्हातारा अडून बसला होता, आणि आता एका फोनवर सोडत होता. त्याने घरी फोन लावला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून आवाज बाहेर सोडला.

"पप्पा, आणताय का?" शरयूने हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"आणतोय."

"खरंच?"

"अगं खरंच. आणि ऐक, ते रिकामं आहे बरं का. घाबरायचं नाही."

"मी कुठं घाबरते? पप्पा, मग मी चाप ओढून बघू? गेल्या वर्षी तुम्ही आजोबांच्या बंदुकीचा ओढू दिला होता."

दिला होता. धैर्यशीलला तो दिवस आठवला. आजोबांची दुनळी बंदूक मधून मोडून उघडली होती. शरयूने दोन्ही नळ्यांना आळीपाळीने डोळा लावून पलीकडची खिडकी पाहिली होती, खिडकीतली तुळस पाहिली होती, आणि मगच बंदूक मिटून तिला चाप ओढू दिला होता. आत काही नव्हतं ते पोरीनेही पाहिलं होतं आणि बापानेही.

"पप्पा? ओढू ना?"

"हो..." तो म्हणाला.



त्याने ओट्यावरच्या पिस्तुलाकडे पाहिलं. काळी, गुळगुळीत, मुकी पाठ. आत काय आहे ते त्याने पाहिलं नव्हतं. गोळी झेलली होती. वाहवा घेतली होती. पण आत पाहिलं नव्हतं.

"थांब हं बाळा. एक मिनिट."

फोन त्याने तसाच चालू ओट्यावर ठेवला. पिस्तूल उचललं, तोंड दगडाच्या कड्याकडेच ठेवलं आणि स्लाइड मागं ओढली. अगदी हळू ओढली, कारण जोरात ओढायचं धाडस उरलं नव्हतं.

टण्.

पितळेची एक गोळी ओट्यावर पडली, गडगडत कडेला गेली आणि खाली फरशीवर जाऊन थांबली.

 पोतदार खुर्चीतून अर्धे उठले होते, ते तसेच राहिले.

चूक इतकी साधी होती की शेंबड्या पोरालाही कळावी. त्याने आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं. स्लाइड ओढल्यावर एक गोळी बाहेर आली खरी, पण मॅगझिन अजून आतच होतं. त्यातली दुसरी गोळी वर सरकून नळीत जाऊन बसली. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड ओढायची, हा पहिल्या दिवसाचा धडा. पण आधी मॅगझिन काढलं की हात त्यातच अडकतो आणि करामत नीट जमत नाही. करामतीसाठी त्याने क्रम बदलला होता, आणि टाळ्या मिळाल्या म्हणून तो तसाच ठेवला होता.

"पप्पा?" फोनमधून आवाज आला. "पप्पा, रिकामं आहे ना?"

धैर्यशीलने उघड्या पिस्तुलात डोळा घालून पाहिलं. मग करंगळी घालून चाचपलं. मग पुन्हा पाहिलं. मग पिस्तूल उघडंच ठेवून फोन उचलला.

"आता झालं," तो म्हणाला. "आत्ता झालं गं रिकामं."

"मग ओढू?"

"नाही. तू कशाला हात लावायचा नाही. मी आल्याशिवाय, मी दाखवल्याशिवाय, कशालाच नाही. कळलं?"

"तुम्ही रडताय का?"

"नाही गं. धूळ आहे इथं. ठेव फोन."

तो खुर्चीत येऊन बसला.  छातीवरून धोंडा उतरावा तसं त्याला हलकं हलकं वाटत होतं, आणि त्या हलकेपणाचीच लाज वाटत होती. काही झालं नव्हतं. शरयू घरी होती, ताटात हळद भिजवत असेल, कामवाल्या मावशींना भंडावून सोडत असेल. काही म्हणजे काहीच झालं नव्हतं. देवा, किती बरं झालं.

"काळ आला होता, पण वेळ आली नव्हती," पोतदार हळूच म्हणाले आणि त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

नेजदारबाई उठल्या. त्यांनी आपली पेटी उघडली, स्वतःचं पिस्तूल काढलं, तोंड दगडाकडे करून स्लाइड ओढून पाहिली. रिकामंच होतं. तरी पुन्हा एकदा पाहिलं. ते पाहून पोतदारांनीही आपली पेटी ओढली.

धैर्यशीलने मान वर केली.

"वस्ताद, तुम्हाला माहीत होतं."

"बघितलं व्हतं."

"कधी?"

"तू झेललीस, तवाच."

"मग सांगितलं का नाही?"

"विचारलं की. दोनदा."

"विचारलंत. पण सांगितलं नाहीत."

वस्तादांनी फरशीवरची गोळी उचलली. फुंकर मारून धूळ उडवली आणि त्याच्या झेललेल्या गोळीशेजारी ओट्यावर उभी केली.

"मला तू काय बी सांगितलं असतंस," ते म्हणाले. "तिनं विचारल्यावर सांगवंना."

 वाऱ्याने समोरचा कागद फडफडला. काळा ठिपका जवळजवळ उरला नव्हता. किती सुरेख नेम होता! त्याच्याकडे पाहवेना म्हणून त्याने नजर खाली घेतली.

मग तो उठला. पिस्तूल उघडंच दोन्ही हातांत धरून वस्तादांसमोर उभा राहिला.

"हे ठेवा तुमच्या कपाटात."

"आँ?"

"नको मला. विकून टाकेन, परवाना परत करेन. पंपावर कुत्रा पाळीन. उद्या आजोबांच्या बंदुकीची पूजा करतो, झालं. मी हे सांभाळायच्या लायकीचा माणूस नाही वस्ताद. मी आज..."



वस्तादांनी पिस्तूल घेतलं नाही. त्यांनी त्याची मनगटं धरली आणि दोन्ही हातांकडे निरखून पाहत राहिले. उघडी स्लाइड त्या हातांत बारीक बारीक खडखडत होती.

"कापायला लागल्यात की रं हात."

"केव्हाचे."

"थांबवून बघ."

त्याने दात आवळले. श्वास रोखला. सोडला. पुन्हा रोखला.

"थांबत नाहीत वस्ताद."

"न्हाय थांबत?"

"नाही."

वस्तादांनी मनगटं सोडली आणि चहाची कपबशी उचलून नळाकडे वळले.

"मग ने घरी."