अरुंधती दिसेना तेव्हा

चार यत्ता शिकलेल्या माणसाला पुराण लिहायला बसवलंत, आता अक्षर वाकडं आलं तर माझ्या नावानं ओरडू नका. ग्रामसभेत दिवे आभाळाकडे न रोखण्याचा नियम निघाला तेव्हा हीच कथा मी तोंडी सांगितली होती. एकजण फिदीफिदी हसला. म्हणून कागदावर उतरवतो.

त्रेतायुगाच्या आरंभी रेवेच्या तीरावर प्रभाकेतू नावाचा महापराक्रमी, यज्ञशील, पण स्तुतीला हपापलेला राजा राज्य करीत होता. घोर तप आचरून त्याने अग्नीकडून वर मिळवला, की माझ्या नगरीतले दीप वाऱ्याने, पाण्याने वा फुंकरीने विझू नयेत. अग्नी भोळा, तथास्तु म्हणून मोकळा झाला. मग राजाने गगनचुंबी दीपस्तंभ उभारले आणि सगळ्या ज्वाळा वर तोंड करून पेटवल्या. हेतू हा, की देवांनाही आपलं वैभव दिसावं. पाखरं वाट चुकून स्तंभांवर आपटू लागली, पण राजाला सांगणार कोण?

पुढे त्याची कन्या ऋजुला हिचा विवाह ठरला आणि हौसेपायी राजाने स्तंभ दुप्पट केले. होम झाला, सप्तपदी झाली, राहिलं अरुंधतीदर्शन. पुरोहित ताम्रायण ऋषींनी वधूवरांना अंगणात आणून सप्तर्षींच्या दिशेला बोट केलं.

"कन्ये, वसिष्ठांच्या शेजारची ती पुण्यशील अरुंधती दिसते का?"

ऋजुलेनं मान वर केली. वर आकाश नव्हतंच. दुधात राख कालवावी तसं काहीतरी माथ्यावर पसरलं होतं. दिसली म्हटल्याखेरीज विवाह पुरा होत नाही, आणि तारका डोंगराआड गेली की वऱ्हाड सुनेवाचून परतणार, हे तिला ठाऊक होतं.

"दिसली म्हण," राजा तिच्या कानाशी पुटपुटला. "सगळ्या तसंच म्हणतात."

"तात, अग्नी साक्षीला बसलाय. मला दिसत नाही."

मागून तिचे सासरे खाकरले. "व्याही, तुमच्या नगरीत म्हणे मध्यरात्री पडलेली सुई सापडते. एक तारा सापडेना होय?"

राजाचा चेहरा उतरला. त्याने दीप विझवण्याची आज्ञा केली. सेवकांनी घागरी रित्या केल्या, तशा ज्वाळा दुप्पट उफाळल्या. वर तो वरच.

तेवढ्यात स्तंभांमागून कृष्णवर्णा, मुक्तकेशा रात्रिदेवी प्रकटली. तिच्या वस्त्रावरची नक्षत्रं पुसली गेली होती. शापोदक ओंजळीत घेऊन ती गरजली, "प्रभाकेतू, तू माझं वस्त्र जाळलंस. यापुढे तुझ्या नगरीत कुणाचाही डोळा मिटणार नाही."

"देवी, शाप देण्याआधी क्षणभर थांब," ऋजुला म्हणाली.

तिनं बोहल्याच्या कोपऱ्यातलं मडकं उचललं, दगडावर आपटून त्याची अर्धी खापरी केली, शालू खोचला आणि जवळच्या स्तंभावर चढली. ज्वाळेवर तिनं ती खापरी कलती बसवली. दिवा विझला नाही. उजेड तेवढा खाली अंगणात पडला आणि वर हातभर काळोख उघडला.

"न विझण्याचा वर आहे," ती म्हणाली. "न झाकण्याचा कुठे आहे?"

हे ऐकून नवरदेवानं दुसरं मडकं फोडलं. मग वऱ्हाडी, आचारी, सेवक, सगळे परात, पातेलं जे मिळेल ते घेऊन धावले. शेवटच्या स्तंभावर राजा स्वतः चढला. डोंगराच्या कडेशी, तांदळाच्या कणीएवढी अरुंधती थरथरत होती.

"दिसली," ऋजुला म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं.

रात्रीनं ओंजळ जमिनीवर सोडली. "तुमच्या दिव्यांशी माझं वैर नाही. उजेड पायापाशी ठेवा, माझ्या माथ्यावर फेकू नका. उंच दीपमाळ उजळायची तर कार्तिकी पौर्णिमेला उजळा. त्या रात्री चांदण्यानं तारे आधीच फिके पडलेले असतात. ही मर्यादा मोडील त्याच्या अंगणात अरुंधती उतरणार नाही."

म्हणून दीपमाळा त्रिपुरी पौर्णिमेला उजळतात आणि घरातल्या दिव्याला कोनाड्याचं छप्पर असतं. प्रभाकेतूनं भर मांडवात रात्रीचे पाय धरून क्षमा मागितली. राजा असून मागितली. आमच्या ग्रामसभेत हसणाऱ्यानं मात्र गच्चीवरचा हॅलोजन अजून आभाळाकडेच ठेवलाय, आणि माझी क्षमा मागायचीही त्याची राहिली आहे. नाव त्याचं दिगंबर शेवाळकर.