चुनखडीबाईंची घडी

डोंगरांनी अजून डोकंही वर काढलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. जमिनीत तीन थर एकमेकांवर पहुडलेले असायचे. तळाशी चिखलाचा मऊ थर, मध्ये वाळूच्या खडकाचा ताठर थर आणि सगळ्यांच्या वर, ऊन खात, चुनखडीबाई.

"कशी छान घडी बसली आहे आपली!" असं बाई उठसूट म्हणायच्या. त्या घडीत आपण सगळ्यांच्या डोक्यावर बसलोय, हे त्यांना कधी खटकलं नाही.

एकदा दोन्ही बाजूंनी जमीन रेटायला लागली.

"बाईसाहेब, बरगड्या मोडतायत," तळातून चिखल कळवळला.

"मग वाक की जरा! तुला वाकायला काय होतं? उगाच घडी विस्कटू नकोस."

चिखल वाकला. वाळूचा खडक मात्र वाकेना. त्याला कडकन तडा गेला आणि त्याचा अर्धा भाग घसरून खाली गेला.

"हट्टी मेला," बाई म्हणाल्या.

रेटा काही थांबेना. वाकता वाकता चिखलाची कमान झाली आणि तिच्यावर बसलेल्या बाई उंच उंच जाऊ लागल्या. आपली बढतीच झाली, असं वाटून त्या फुलून गेल्या. तेवढ्यात ती कमान कलली आणि सगळ्यांना घेऊन पालथी पडली. बाईंनी डोळे उघडले तर मिट्ट काळोख, आणि अंगावर अख्खा चिखल.

"अरे, घडी विस्कटली!" त्या किंचाळल्या.

"विस्कटली कुठे, बाईसाहेब?" वर ऊन खात चिखल म्हणाला. "आत्ता तर बसली. तुम्ही फक्त जरा वाका."