काचेआडचं पुस्तक

गावात वीज यायच्या आधीची गोष्ट आहे. करंजवाडीच्या वाचनालयात एक जुनं पुस्तक होतं. तुळसाकाकू ते पुन्हा पुन्हा घरी न्यायच्या आणि चुलीच्या उजेडात वाचायच्या. पुढे सरकारी अनुदान थांबलं, वाचनालय बंद पडलं. बंद खोलीत पुस्तकाला काकूंच्या हातांची फार आठवण येई.

काही वर्षांनी अनुदान पुन्हा मिळालं. काचेचं नवं कपाट आलं आणि पुस्तक त्यात गेलं.

कपाट ऐटीत म्हणालं, "आता तुला ना धूळ, ना वाळवी."

"पण मला वाचणार कोण?"

"वाचायचं कशाला? खराब होशील."



एके सकाळी तुळसाकाकू काठी टेकत आल्या. काचेतून पुस्तक दिसताच म्हणाल्या, "अगं बाई, हे आहे अजून! द्या ना मला."

"काकू, फाटेल ते," ग्रंथपाल दिगंबरराव म्हणाले.

"फाटलं तर शिवून देईन. पण कुणी वाचणारच नसेल, तर सरकारनं हे सगळं दिलं कशाला?"

दिगंबररावांनी कपाट उघडलं.

घरी काकूंनी पुस्तक सुनेच्या हाती दिलं. "मला आता अक्षर दिसत नाही गं. तू वाच."

सून अडखळत वाचू लागली. काकू डोळे मिटून ऐकत राहिल्या. पान उलटायला जरा उशीर झाला, की पुस्तकाचाच जीव कासावीस होई.