खरवडलेली खिडकी

“खिडकी कुठं गेली?”

टेबलावरची प्रिंट सरळच होती, तरी उपेंद्र ती सरळ करत बसला.

विचारणारे होते हुद्दार मास्तर. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांचे नकाशे काढले होते. गावात नकाशे काढणारे निम्मे लोक त्यांच्याच हाताखालून गेलेले. त्यांत उपेंद्र सगळ्यांत हुशार, आणि हे त्याला कुणी सांगावं लागत नसे. अर्ज नगरपालिकेत देण्याआधी एक प्रिंट मास्तरांकडे नेऊन ठेवायची, ही या शिष्यमंडळींची जुनी चाल. एरवी कुठलीच चाल न पाळणाऱ्या उपेंद्रने आज नेमकी तेवढी पाळली होती.

“कुठली खिडकी?” उपेंद्र म्हणाला.

“गुलाबबाईची.”

काम तसं लहान होतं. घर बांधायला निघालेल्या मगदुमांचा प्लॉट मागच्या बाजूला निमुळता. नियमाप्रमाणे कडेला पाच फूट सोडले तर मागची खोली बसेना, म्हणून दोनच फूट सोडण्याची सवलत मागायची होती. शेजारच्या भिंतीला खिडकी नसेल तरच ती मिळे. आणि शेजारी राहायची गुलाबबाई. त्याच खिडकीशी मशीन टाकून ती ब्लाउज शिवायची. घरात उजेडाची दुसरी जागा नव्हती.

आठ दिवसांपूर्वी मास्तरांनी मूळ ट्रेसिंग, म्हणजे प्रिंट ज्यावरून काढतात तो अर्धपारदर्शक कागद, तपासलं तेव्हा खिडकी जागेवर होती. मगदुमांना म्हणावं खोली लहान करा, असं सांगून त्यांनी कोपऱ्यात बारीक ‘हु.’ अशी सही केली होती. त्या अक्षराचा अर्थ नगरपालिकेच्या कचेरीतल्या शिपायालाही ठाऊक होता: जागेवर जे आहे तेच कागदावर आहे. ते अक्षर दिसलं की साहेब जागा बघायला जात नसत.

“भिंतीला खिडकी आहे?” मास्तर म्हणाले.

“आहे.”

“आणि कागदावर?”

उपेंद्रने प्रिंटची कड नखाने दाबली.

“मूळ ट्रेसिंग दे.”

“प्रिंटवर काही दिसत नाही, मास्तर.” हे म्हणताना उपेंद्रच्या आवाजात थोडी ऐटच आली.

“दे.”

मास्तरांनी गुंडाळी उलगडली आणि कागद दाराकडे, उन्हाच्या समोर धरला. सगळा कागद धुरकट दिसत होता. शेजारच्या भिंतीवर मात्र तांदळाच्या दाण्याएवढी जागा लख्ख उजळली होती.

“ब्लेडनं?”

“हो.”

“वर नख फिरवून गुळगुळीत केलंस.”

“तुम्हीच शिकवलंत.”

“चुकलेली रेघ खरवडायला शिकवलं होतं.”

उपेंद्र चिडला. लाज वाटली की त्याला राग यायचा.

“मग काय करू? मगदूम दुसरा माणूस बघतील. स्वतःच्या नावावरचं हे माझं पहिलं काम आहे. ते गेलं तर गावात मला दारात कोण उभं करील? बाई काय, दिवा लावून शिवेल.”

मास्तरांनी त्या उजळ दाण्यावर बोट ठेवलं.

“सकाळी आली होती ती.”

“कोण?”

“गुलाबबाई. म्हणाली, मास्तर, कागदावर तुमची सही आहे ना? मग मला घोर नाही. मोजमापाला गेलास तेव्हा तूच सांगितलंस म्हणे तिला, माझी सही असेल म्हणून.”

सांगितलं होतं खरं. टेप धरायला तिने स्वतः हात लावला होता, वर चहाही केला होता.

“ब्लेड आहे?” मास्तरांनी विचारलं.

उपेंद्रने पाकिटातून ब्लेड काढून दिलं. म्हातारा आता ती जागा साफ करून खिडकी पुन्हा काढणार, त्याने ओळखलं. काढू दे. घरी जाऊन पुन्हा खरवडता येईल. गुरूची विद्या गुरूला, दुसरं काय. हा विचार मनात आला आणि त्याची त्यालाच किळस आली, पण त्याने तो सोडला नाही.

मास्तरांनी शाईची दौत उघडलीच नाही. कागद टेबलावर पसरून ते कोपऱ्याकडे वळले. हलक्या हाताने त्यांनी आधी टिंब खरवडलं, मग ‘हु’. भुकटी फुंकरीने उडवली. त्या जागेवरून नख फिरवलं, एकदा, दोनदा, कागद गुळगुळीत होईपर्यंत.

“मास्तर… सही नसली तर साहेब जागा बघायला येतील.”

मास्तर ट्रेसिंगची गुंडाळी करत होते. सुरकुती पडू न देता, अठरा वर्षांच्या उपेंद्रला पहिल्या दिवशी शिकवली होती तशी.

“मास्तर, बारा वर्षं मी तुमचा…”

मास्तरांनी गुंडाळी त्याच्या हातात दिली.

“ने. प्रिंटवर काही दिसणार नाही.”