चिंगीची शाल

फार जुनी गोष्ट. तेव्हा शेळ्यासुद्धा बाजारात कपडे घ्यायच्या. चिंगी शेळी दर बाजाराला शालवाल्या वानराकडून नवी लोकरीची शाल आणायची, तीही तोंडभर पाल्याच्या बदल्यात! आणि जुनी? ती बसल्याबसल्या खाऊन टाकायची.

एकदा थंडीत तिला मैत्रीण गंगू मेंढी भेटली. अंगावर एक केस नाही, नुसती कुडकुडत होती.

"अगं, लोकर कुठं गेली?"

"एका पानासाठी वानराला कातरू देते. जरा वाढली की कातरलीच! थोडी तू पांघरलीयस, बाकीची तुझ्या पोटात आहे, बाई."

चिंगीचं रवंथच थांबलं. तिनं शाल गंगूवर टाकली आणि स्वतःही आत घुसली. दोघींना मस्त ऊब आली.

"काठ चघळू नकोस हं!" गंगू म्हणाली.

पुढच्या बाजारी वानर ओरडलं, "चिंगीताई, नवी डिझाईन!"

"नको रे," चिंगी म्हणाली, "जुनी अजून खाल्ली नाही."