हौशीने सोडलेली थाप

डोणवाडीला जायचं तर नदी पायांनीच उतरावी लागे आणि डोंगरात गाडीवाट नव्हती, त्या काळची ही गोष्ट. तेव्हा डोणवाडीत एकच ढोल होता आणि तो वाजवणारा एकच माणूस होता, देवजी. त्याचा ढोल ऐकून पाय हलला नाही असं माणूस त्या डोंगरात नव्हतं. लंगड्या म्हाताऱ्या काठी टाकून फेरात शिरायच्या, असं म्हणतात. चरणारे बैल मान वर करून खूर आपटायचे, असंही म्हणतात.

लोक विचारायचे, "देवजीदादा, हातात जादू आहे का तुझ्या?"

"हातात काय असणार?" देवजी म्हणायचा. "मी सगळं वाजवत नाही, एवढंच. थोडं तुमच्या पायांना ठेवतो."

ते खरंच होतं. धिंग धिंग धिंग अशा थापा पडत जायच्या आणि मधेच एक थाप देवजी मारायचा नाही. हातातलं टिपरू, म्हणजे ढोलाची काठी, हवेत तसंच राहायचं. त्या रिकाम्या जागी सगळ्या फेराचा पाय एकदम जमिनीवर आपटायचा. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. कान वाट बघायचा, थाप यायची नाही, मग पाय स्वतःच ती देऊन टाकायचा.

देवजीची मुलगी हौशी. नवरा गेल्यावर ती आपल्या लहानग्या ठकीला घेऊन बापाकडे राहायला आली होती. ढोलाचं कातडं भिजवायचं, ताणायचं, दोऱ्या आवळायच्या, ऊन दाखवायचं, हे सगळं हौशी करायची. फक्त वाजवायचा नाही. बाईने ढोल वाजवला की देवी कोपते, असा वाडीचा नियम होता. तो कुणी केला असं विचारलं की म्हातारे आढ्याकडे बघायचे.

हौशी वाजवायची ती उखळ. शेजारची पारू आणि ती समोरासमोर उभ्या राहून भात कांडायच्या, एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली. पारू मोठी मस्करीखोर. कांडता कांडता ती मुद्दाम एक घाव चुकवायची. उखळाशी बसलेली ठकी टुणकन उठून त्या जागी पाय आपटायची आणि ओरडायची, "चुकली, पारूमावशी चुकली!"

"चुकली नाही गं, तुझ्यासाठी ठेवला तो," पारू म्हणायची. "तुझ्या आईला सांग, पोरीच्या पायात जोर आहे. हिला कांडायला लावून आपण दोघी निजू."

एका साली भात कमरेइतकं वाढलं, लोंब्यांनी वाकलं, आणि वाडीत मरी आली. आधी लेकरं गेली. एका सकाळी ठकी गेली. तिच्यामागून देवजी गेला. खळ्यावर भाताची रास पडून राहिली आणि तिच्यापाशी बसायला घराघरात माणसं कमी होत गेली. नवं भात शिजवायचं तर आधी कणसरी मायपुढे, म्हणजे धान्याच्या देवीपुढे, ढोलावर फेर धरून नाचावं लागे. तोवर दाणा तोंडात घालायचा नाही. वाडी भाताच्या राशीशेजारी उपाशी बसली.

तेव्हा बुधाजी भगताने अंगात आणलं आणि सांगितलं, "देवजी थाप रिकामी सोडायचा. रिकामी थाप म्हणजे उघडं दार. मरी त्या दाराने आत आली." मेलेल्या माणसावर दोष टाकणं सोपं असतं, तो उठून बोलत नाही. सगळ्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की ढोल वाजवू शकेल असा पुरुष वाडीत उरलेलाच नाही.

भगत हौशीच्या दारात आला. "हौशे, तुला ढोल येतो म्हणतात."

"बाईला कसा येणार, भगतबाबा? देवी कोपेल."

"टोमणे नको मारू. वाडी उपाशी आहे. देवीची समजूत मी घालतो."

"इतकं ऐकते का ती तुमचं?" हौशी म्हणाली. "मग माझ्या ठकीच्या वेळी कुठे गेला होतात?"

भगत पाठ फिरवून निघाला. जाताना उंबऱ्यापाशी वळून एवढंच म्हणाला, "एकही थाप रिकामी सोडू नकोस. पोर गेली ती त्याच दाराने गेली."

हौशीला भगताचं काही पटत नसे. पण हे शेवटचं वाक्य तिच्या पोटात काट्यासारखं रुतून राहिलं. खरंच त्या दाराने गेली असेल तर? बापाने ठेवलेल्या ज्या जागेवर ठकी पाय आपटून हसायची, त्याच जागेने तिला नेलं असेल तर? दुःखात माणूस कशावरही विश्वास ठेवतं. तिने ढोल गळ्यात अडकवला.

दुपार कलल्यावर फेर उभा राहिला. माणसांनी हातात हात घातले आणि हौशीने ढोल भरून वाजवला, थापेला थाप लावून, मधे बोटभर जागा न ठेवता. आधी पाय जडच राहिले. मग ते हलू लागले, पण नाचल्यासारखे नाही. पुरात सापडलेलं लाकूड जातं तशी माणसं गोल गोल जाऊ लागली. पायाने काही करायचं उरलंच नव्हतं. कुणी हसेना, कुणी हाळी देईना. आणि थांबावं म्हटलं तर थांबायला जागा नव्हती.

असं म्हणतात की तेव्हा डोंगरावरून धुकं उतरलं, आणि धुक्यातून ती सगळी आली.

पहिल्यांदा आला देवजी. मग ज्यांना नदीकाठी पुरलं होतं ती लेकरं आली, न्हाऊमाखू घातल्यासारखी स्वच्छ. ज्या तालात पायाला काही द्यावं लागत नाही, त्या तालावर मेलेल्यालाही नाचता येतं. त्यांनी जिवंतांचे हात सोडवून आपले हात मधे घातले आणि फेर मोठा झाला. पारूच्या हातात ठकीचा हात होता.

हौशीने लेक बघितली आणि ती वाजवत राहिली.

अंधार पडला तरी ती वाजवत राहिली. कोंबडं आरवलं, उजाडलं, धुकं काही उठलं नाही. तिच्या बोटांची सालं निघाली होती, पण फेर फिरला की ठकी समोरून जायची आणि आईकडे बघायची. तेवढ्यासाठी हौशी जन्मभर वाजवत राहिली असती. पण माणसं आता पडायला आली होती. पडत नव्हती ती फक्त दोन्ही हात धरलेले म्हणून. बुधाजी भगत ओठाला फेस येऊन नुसता ओढला जात होता. ढोल एकदम थांबवला तर हातात हात अडकलेला हा अख्खा फेर एकाच दिशेला जाईल, आणि ती दिशा कोणती हे हौशीला कळत होतं.

पारू तिच्या समोरून गेली. तिच्या टाचा फुटल्या होत्या आणि मातीत तांबडे ठसे उमटत होते. फेरातल्या कुणाच्याच तोंडून शब्द फुटत नव्हता, तिच्या फुटला.

"हौशे," ती म्हणाली, "मुसळ चुकव गं."

हौशीने ऐकलं. तिला उखळ आठवलं, टुणकन उठणारी ठकी आठवली. आणि बाप काय म्हणायचा ते तिला तेव्हा खरं समजलं. मरी त्या जागेने आली नव्हती. ती जागा म्हणजेच जिवंत माणसाची खूण होती.

फेर आणखी एकदा फिरू दिला तिने. ठकी समोर आली. हौशीने टिपरू वर नेलं आणि तसंच हवेत धरलं.

जिवंतांचे पाय खाली आले. धप्प असा एकच आवाज झाला आणि खळ्याची माती उडाली. ठकीनेही पाय उचलला, नेहमीसारखा, जोर लावून, आणि आपटला. आवाज झाला नाही. माती हलली नाही. पोरीने आपल्या पायाकडे बघितलं, मग आईकडे बघितलं. असं म्हणतात की ती रडली नाही, नुसती नवल वाटल्यासारखी उभी राहिली. मग तिचा हात पारूच्या हातातून निसटला. देवजीने तिला कडेवर घेतलं. बाकीचीही एकेक करून फेरातून सुटली आणि धुकं त्यांना घेऊन वर निघून गेलं.

माणसं जिथल्या तिथे कोसळली. पारू रांगत हौशीपाशी आली आणि तिच्या पायांना मिठी मारून पडून राहिली. ऊन आलं तेव्हा कुणीतरी चूल पेटवली आणि नवं भात शिजायला लागलं.

हौशी पुढे पुष्कळ वर्षं जगली. वाडीतल्या पोरींना तिने ढोल शिकवला, आणि बुधाजी भगताने एकदाही हरकत घेतली नाही. ती फेरातही नाचायची. पण त्या रिकाम्या जागी तिचा स्वतःचा पाय कधी खाली आला नाही.

आज डोणवाडीत म्हातारे सांगतात की ती थाप भगताच्या आज्ञेने सोडली गेली. सांगू देत. सुगीच्या फेराला ढोल आजही बाईच्याच गळ्यात असतो आणि एक थाप आजही सोडली जाते. तिला हौशीची थाप म्हणतात. लेकरांना फेरात आईच्या उजव्या हाताला उभं करतात. ती थाप आली की आया नाचता नाचता कान देतात, आणि आपल्या लेकराचा पाय वाजलेला ऐकला की मगच पुढचं पाऊल टाकतात.

आणि ज्या घरातलं लेकरू त्या साली गेलं असेल, त्या घरची आईसुद्धा फेरात येते. हौशीच्या थापेला ती पाय उचलून धरते, खाली टेकत नाही. आजूबाजूच्या बायका तिचे दोन्ही हात घट्ट धरून असतात.