पारड्यातली काठी

फार पूर्वीची गोष्ट. एका डोंगराच्या अलीकडे धनगरांची वाडी होती आणि पलीकडे बाजाराचं गाव. वाडीतली विकायची मेंढरं गावच्या खाटकाकडे पोचती करायचं काम मायाप्पा नावाचा मेंढपाळ करी.

या कामाला एक जुनी रीत होती. निघताना एका मेंढराच्या कपाळाला हळद लावायची, त्याला तोलून वजनाइतके दगड काढायचे आणि ते बैलगाडीने पुढे पाठवायचे. खाटकाच्या दारी तेच मेंढरू त्याच दगडांशी पुन्हा तोलायचं. भरलं तर उत्तम. तूट आली, तर मेंढरं आणणाऱ्याच्या घरचं सर्वांत चांगलं जनावर खाटकाने ठेवून घ्यायचं.

मायाप्पाच्या घरी जनावर एकच. भुंड्या नावाचा मेंढा. त्याची आई व्यायल्याबरोबर मेली, तेव्हा मायाप्पाने दुधात बोट बुडवून त्याला जगवलं होतं. भुंड्या पुढे चालू लागला की अख्खा कळप गुमान मागे येई. मायाप्पाची काठी नुसती खांद्यावर असायची. तूट म्हणून कधी आली नव्हती.

पण माया वेडी असते. एके वर्षी मायाप्पाच्या मनात आलं, 'समजा, या खेपेला तूट आलीच तर? भुंड्याला खाटकाच्या नजरेसमोर न्यायचंच कशाला?' त्याने भुंड्याला घरीच खुंट्याला बांधलं आणि कळप घेऊन निघाला.

झालं! म्होरक्या नाही म्हटल्यावर कळप बिथरला. एक मेंढरू खालच्या ओढ्याकडे, तर दुसरं वरच्या कड्याकडे. मायाप्पाने काठी खांद्यावरून उतरवली. 'लवकर पोचलो तर कमी झिजतील,' असा त्याचा हिशेब. मग काय, आरडाओरडा आणि पाठीत रट्टे. जी डोंगरवाट एरवी चरत चरत व्हायची, ती त्या दिवशी पळत झाली.

म्हाताऱ्या दौलू खाटकाने हळदीचं मेंढरू पारड्यात घातलं. पारडं वरच राहिलं.

"नाना, तराजूत कायतरी खोट हाय," मायाप्पा म्हणाला.

"तराजू त्योच, धोंडंबी तुमच्याच वाडीचं," दौलूनाना शांतपणे म्हणाला. "जनावर भ्यालंय बाबा. भ्यालेल्या जीवाला म्या सुरी लावत न्हाई. उन्हं कलेपतोर इसावू दे. मग पुन्ना तोलू. तवाबी तूट आली, तर तुझ्या दारचं जनावर द्यावं लागंल."

"माझ्या दारात आता कुठलं राहिलंय जनावर!" मायाप्पा बोलून गेला.

दौलूनाना घरात गेला. आवारातली दगडी डोण पाण्याने काठोकाठ भरली होती. मेंढरांच्या जिभा बाहेर आल्या होत्या, पण एकही मेंढरू डोणीजवळ जाईना. सगळी भिंतीला चिकटून थरथरत उभी. मायाप्पाने हाका मारल्या, ओंजळीत पाणी धरलं. तो जवळ गेला की ती आणखी मागे सरत. तहानेपेक्षा भीती मोठी असते, हे मेंढरांत जन्म गेलेल्या मायाप्पाला त्या दिवशी कळलं.

इतक्यात फाटकापाशी ओळखीचा आवाज आला. मायाप्पाने वळून पाहिलं. भुंड्या! गळ्यात तुटलेलं दावं लोंबत होतं. कळपाचा माग काढत तो एकटा डोंगर उतरून आला होता.

मायाप्पाने पहिल्यांदा काठीच उगारली. आत्ता हाकलला तर तो वाचणार होता, आणि आपलं खोटंही झाकून राहणार होतं. पण मागे कोरड्या घशाने मेंढरं ओरडत होती. काठी त्याच्या हातातून गळून पडली. त्याने फाटक उघडलं.

भुंड्या सरळ डोणीशी गेला आणि पाणी पिऊ लागला. एक मेंढरू भिंतीपासून सुटलं. मग दुसरं. बघता बघता सगळी डोणीला लागली. पोटभर प्याली, चिंचेच्या सावलीत टेकली आणि रवंथ करू लागली. सगळं आवार त्या बारीक आवाजाने भरून गेलं. एका मुक्या जीवाच्या नुसत्या असण्याने एवढी भीती निवते, हे पाहून मायाप्पाचे हात आपोआप जोडले गेले.

उन्हं कलली. दौलूनानाने हळदीचं मेंढरू पुन्हा तोललं. पारडं खाली आलं, पण बोटभर वर अडलं. मग त्याची नजर भुंड्याकडे गेली. दरसाल कळपापुढे येणारा मेंढा त्याने ओळखला, तरी विचारलं,

"ह्यो कुणाचा?"

"माझा, नाना. म्या खोटं बोललो." मायाप्पाने तुटलेलं दावं त्याच्या हाती दिलं. डोळ्यांतलं पाणी त्याने पुसलंही नाही.

म्हाताऱ्याने भुंड्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग वाकून जमिनीवरची काठी उचलली आणि मेंढराशेजारी पारड्यात ठेवली. काटा बरोबर मधोमध आला.

"तूट हिनं पाडली, हिनंच भरली," तो म्हणाला. "ही हितंच राहील. मेंढा तुझा तू ने."

मेंढरांचं मरण टळलं नाही. ती त्यासाठीच आली होती. पण जाताना त्यांच्या डोळ्यांत भीती नव्हती, आणि ज्याने सुरी धरायची त्या म्हाताऱ्यालाही तेवढंच हवं होतं. मायाप्पा भुंड्याच्या मागून डोंगर चढू लागला. रिकाम्या हाताचं काय करावं हे त्याला सुचेना, म्हणून तो हात त्याने भुंड्याच्या पाठीवर ठेवला.

तात्पर्य: सुरी एकदाच लागते, भीती वाटभर कापत राहते. ज्याचं मरण आपल्याला टाळता येत नाही, त्याची भीती तरी टाळावी.